कावळ्यासमोर दिलेला शब्द

अण्णा, मेल्यावरसुद्धा तूच जिंकलास. आणि तेही कुणाच्या जोरावर, तर एका कावळ्याच्या.

जिवंतपणी तुला अरेतुरे करायची माझी काय, माझ्या बापाचीही छाती नव्हती. तू त्याचा थोरला भाऊ. तुझी मोटारसायकल दारात वाजली की आमच्या घरातला टीव्ही आपोआप बारीक व्हायचा. पण आता तू फोटोत जाऊन बसलायस, गळ्यात हार घालून. उठून मुस्काटात मारशील अशी भीती राहिली नाही. म्हणून आज तू. पोटातलं सगळं सांगणार आहे आणि मध्ये बोलू नकोस. दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचं, हे तुला उभ्या आयुष्यात जमलं नाही, आता जमेल.

आधी दशक्रियेचं सांगते, कारण त्या दिवशी तू तिथे होतास की नव्हतास यावर मोशीत अजून वाद चाललाय. इंद्रायणीच्या घाटावर मांडव घातला होता. पाण्यावर नेहमीसारखा पांढरा फेस. गर्दी इतकी की शेजारच्या दोन दशक्रियांच्या खुर्च्यासुद्धा आपल्याच माणसांनी बळकावल्या. माईकवर एकामागून एक पुढारी. कुणी म्हणालं, अण्णांनी शेकडो खेळाडू घडवले. एक माजी नगरसेवक तर म्हणाले, अण्णा म्हणजे कबड्डीचं चालतंबोलतं विद्यापीठ. विद्यापीठ! तुला! मला असं हसू फुटलं की ओढणी तोंडात कोंबावी लागली. शेजारच्या मावशींना वाटलं मी रडतेय. त्या बिचाऱ्या माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

मग पिंड मांडले. काकीने तुझ्यासाठी कपभर चहा ठेवला, शेजारी तंबाखूची पुडी. सचिनदादाने तुझी शिट्टी ठेवली. सगळे मागे सरकले. कावळे समोरच्या झाडावर ओळीने बसलेले, पण एकही खाली येईना. पलीकडच्या दोन्ही दशक्रियांचे पिंड शिवून झाले, आपला तसाच. सचिनदादा म्हणाला, "अण्णा, आईला काही कमी पडू देणार न्हाई." ढिम्म. माझे वडील म्हणाले, "बांधाचा वाद मिटवतो, दादा." ढिम्म. ऊन चढायला लागलं, भटजी मोबाइल बघायला लागले, आणि हळूहळू एकेक नजर माझ्याकडे वळली.

भावकीतले किसनतात्या काठी टेकत माझ्यापाशी आले. "पुनी, जा गं पुढं. अण्णाचा जीव तुझ्यात अडकलाय. शेवटच्याला तुझं नि त्याचं वाजलं व्हतं न्हवं? हात जोड, माफी माग, म्हंजी सुटंल."

मी माफी मागू? मी? "त्यांनी मागावी," मी म्हणाले, आणि माईक अजून चालू होता बहुतेक, कारण माझा आवाज मलाच मोठा ऐकू आला. आईने दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता. मी जागची हलले नाही.

तेव्हा सचिनदादा, तुझा एकुलता एक, पिंडापुढे गुडघे टेकून बसला आणि ओरडलाच, "अण्णा, ईश्वरीला तुमच्या मनात हाय त्याच कॉलेजात घालतो. शब्द देतो!"

आणि आला की रे तो. सरळ खाली. चहाचा कप लवंडला, भाताचा घास घेतला आणि गेला. "शिवला, शिवला!" करत माणसं रडायला लागली. सचिनदादा तर लहान पोरासारखा हुंदके देत होता. मी फक्त ईश्वरीकडे बघत होते. तुझी नात. बारावी सायन्सला चांगले मार्क पडलेली, मायक्रोबायोलॉजी घ्यायचं म्हणून वर्षभर घोकत बसलेली, आणि चढाईला उतरली की वाऱ्यासारखी पळणारी. पोरगी पांढरी फटक पडली होती. तिचं पुढचं आयुष्य एका कावळ्याने ठरवलं आणि गाव डोळे पुसत लाडवांच्या पंगतीला बसलं.

ते कॉलेज म्हणजे कुठलं, हे तुला सांगायला नको. त्याच कॉलेजात तू मला घातलं होतंस. नाव घेत नाही. त्याला मी ढालींचं कॉलेज म्हणते.

तुझ्याविरुद्ध बोलायला बसलं की माझी पंचाईत होते ती इथे, की तू नसतास तर मी कुठे असते हेही मला ठाऊक आहे. आपल्या जमिनी गेल्या, काही प्राधिकरणात, काही प्लॉटिंगमध्ये. पोरांना गाड्या आल्या आणि पोरींना बारावी झाली की नवरे. तू मुलींचा संघ काढलास तेव्हा भावकी चवताळून उठली, पोरी चड्डी घालून मैदानात नाचणार म्हणून. तू चावडीसमोर उभा राहून म्हणालास, "ज्याला लाज वाटती त्यानं डोळं मिटावं." आणि मला बघायला खेडकडचे पाहुणे आले होते, आठवतं? मी साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन उभी. तू शिट्टी गळ्यात अडकवून दारातूनच ओरडलास, "पावणं, पोहं खावा निवांत. पोरगी मॅचला चाललीय." तुझ्या मोटारसायकलवर मी साडीतच बसले आणि भोसरीच्या मैदानावर जाऊन कपडे बदलले. त्या दिवशी तू मागितला असतास तर जीव दिला असता मी.

बचावातला डावा कोपरा तू मला शिकवलास. सकाळी मैदानावर पाणी मारून माती बसवायची, आणि मग एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. "घाई करू नगंस. येऊ दे त्याला आत. बोलू दे कबड्डी कबड्डी. त्याला वाटलं पायजे आपण जिकलो. मग त्यो माघारी फिरंल, त्याची नजर रेषंवर जाईल. तवा घोटा." मी घाई करायचे आणि हात रिकामा यायचा. तू शिट्टी मारून परत उभी करायचास. शेवटी जेव्हा जमलं तेव्हा समोरचा पोरगा तोंडावर आपटला आणि तू नुसता म्हणालास, "व्हय. आसं." तुझ्याकडून तेवढं मिळालं की आम्हाला दिवाळी वाटायची.

आणि म्हणूनच ज्या दिवशी तू मला विकलंस ना, अण्णा, त्या दिवशी मला कळलंसुद्धा नाही.

दोन कॉलेजं होती. एका कॉलेजात केमिस्ट्रीची प्रयोगशाळा होती, संध्याकाळपर्यंत उघडी. बारावीला मला सगळ्यात काय आवडत असेल तर ते टायट्रेशन. थेंब थेंब सोडत राहायचं आणि एका थेंबाला सगळं पाणी गुलाबी व्हायचं. त्या कॉलेजातल्या सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, प्रॅक्टिकल बुडवता येणार नाही, सराव त्यानंतर. त्यांचा कबड्डीचा संघ पहिल्याच फेरीत घरी यायचा. तू फाटकाबाहेर आल्या आल्या थुंकलास. "हरणाऱ्यांच्यात जाऊन काय शिकणार तू? हरायला?"

दुसरं ढालींचं. तिथे क्रीडा विभागात जमिनीपासून छतापर्यंत काचेचं कपाट, ढाली, करंडक, चषक. तू मिठाईच्या दुकानासमोर उभ्या राहिलेल्या पोरासारखा बघत होतास. तिथल्या सरांनी चहा मागवला. राहायची सोय, फी माफ, बूट, किट. मी म्हणाले, सर, मला सायन्स हवंय. ते हसले. माझ्याशी नाही, तुझ्याशी बोलले. "अण्णा, सायन्सला प्रॅक्टिकल असतात. सराव बुडतो. आर्ट्सला टाकू. हजेरीची काळजी सोडा, ती आमच्याकडं लागली."

तू वळून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. "टाका," म्हणालास. तीन वर्षांची माझी केमिस्ट्री, आणि पुढची सगळी, तुझ्या त्या एका 'टाका'मध्ये गेली. वडील शेजारीच उभे होते. तेही ढालीच बघत होते.

आज मला कुणी विचारलं की खेळाडू पोरीसाठी कॉलेज कसं निवडावं, तर मी सांगते, कपाट बघू नका. वाचनालयात जाऊन खुर्च्यांवर बोट फिरवून बघा, धूळ लागते का. खेळणारी पोरगी वर्गात कधी बसते ते तिच्या मास्तरांना विचारा, खेळाच्या सरांना नाही. आणि जुन्या खेळाडूंना गाठा. सध्याच्या नाही, जुन्या. गुडघा गेल्यावर कॉलेजातून कोण भेटायला आलं ते विचारा. हे तेव्हा तुला सांगायला आपल्या घरात कुणी नव्हतं हे मला मान्य आहे. पण मी सांगत होते ना. मी 'सायन्स हवंय' म्हणाले होते, चांगलं मोठ्याने.

कॉलेजला ढाली मिळाल्या, आणि एकदोन तर माझ्या घोट्याच्या पकडींवर. कॉलेजचं वाचनालय कुठल्या मजल्यावर होतं ते मला आजही सांगता येणार नाही. तिसऱ्या वर्षी तू जत्रेच्या सामन्यांना मला गावाकडून उतरवलंस. गुडघा आधीच सुजलेला होता, मी दाखवला होता तुला. "फायनल हाय. पट्टी बांध." मी बांधली. आवाज झाला तेव्हा मला आधी वाटलं फटाका वाजला.

मग काय, गरज सरो वैद्य मरो. माझ्या पायाचं प्लॅस्टर निघायच्या आधी कॉलेजवाल्यांनी नवा डावा कोपरा शोधला. मी गाइडं वाचून बी.ए. झाले, आणि ते कशाचं बी.ए. हे आठवायला मला अजून थांबावं लागतं. आता चाकणच्या कंपनीत लाइनवर भाग तपासते. गेज लावायचं, बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. कामाला नाव ठेवत नाही, त्यावर घर चालतंय. पण आमच्या पेंट शॉपला लागून काचेमागे प्रयोगशाळा आहे, आणि तिथे पांढरा कोट घातलेली एक मुलगी बसते, माझ्याहून कितीतरी लहान. जेवणाच्या सुट्टीला जाताना ती कधीकधी काचेचं भांडं उजेडात धरून बघत असते. मला तिचा हेवा वाटतो, अण्णा. चांगली पोर आहे, मला ताई म्हणते, तरी वाटतो. रोज.

हे सगळं मी तुझ्यासमोर बोलले की तुझं एकच पालुपद. "वैशाली न्हाई का पोलिसात गेली? खेळाडू कोट्यातनं? तुझा गुडघा गेला त्याला मी काय करू?" गेली, खरंच गेली वैशाली, आणि मला आनंद आहे. माझ्याच शेजारी उभी राहायची ती. तिचा वर्दीतला फोटो तू हॉलमध्ये लावलास, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचास. बाकीच्या आम्ही कुठे होतो? कुणी ब्लाउज शिवत होतं, कुणी माझ्यासारखी चाकणला, एकीला तर सासरी कुणाला ठाऊकही नाही की ती कधी खेळायची. एक उभी राहिली तिचा फोटो लावलास. पडल्या त्यांच्याकडे तुझं लक्षच नव्हतं. आणि माईकवरचे म्हणतात, शेकडो घडवले.

तुझं माझं शेवटचं भांडण तुला आठवत असेलच, तुला फार दिवस विसरायला मिळालेच नाहीत. रविवार होता. मी पुनावळ्याहून, सासरहून, आले होते. काकीने मटण चढवलं होतं. तू अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पाय समोरच्या स्टुलावर. ईश्वरी तुझ्या पाठीमागे उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती.

"ईश्वरीचं ठरलंय," तू म्हणालास. "सरांशी बोललोय. आर्ट्सला टाकतेत."

"तिला मायक्रो घ्यायचंय."

"तिला काय कळतंय!"

"मला कळतंय अण्णा. माझ्या वेळी मी लहान होते. या वेळी मी आडवी येणार."

तू हसलास. तो तुझा हसायचा आवाज, आधी खोकला आणि मग हसू. "मी मेल्यावर ये आडवी," म्हणालास, आणि काकीला रस्सा वाढायला सांगितलंस. मी न जेवता निघाले. काकी फाटकापर्यंत डबा घेऊन आली, तोही घेतला नाही.

त्याच आठवड्यात तू गेलास. असा कसा रे गेलास? भांडण अर्धवट टाकून? मी शिफ्टवरून तशीच आले, कंपनीच्या कपड्यात, हाताला तेलाचा वास. तुला अंगणात ठेवलं होतं, त्याच खुर्चीच्या जागी. सगळे एकेक करून पाया पडत होते. मीही वाकले. किसनतात्या म्हणाले, "पडली बाबा पाया, पुनी नमली शेवटी." 

रडले का? रडले. इतकी रडले की माझा मलाच राग आला. अजूनही मैदानावरून रिक्षा जाते तेव्हा मी बाहेर बघते, तू पाणी मारत उभा असशील म्हणून. तुझी आठवण यावी असं तू काही ठेवलं नाहीस, तरी येते.

तेरावा झाला आणि ढालींच्या कॉलेजातून निवड चाचणीचा निरोप आला. कावळा शिवलेला, शब्द दिलेला. सचिनदादा ईश्वरीला घेऊन निघाला, मी सुट्टी टाकून गाडीत जाऊन बसले. "पुनी, तू बोलायचं न्हाई," तो म्हणाला. मी म्हटलं, नाही बोलत.

तेच सर होते. केस काळे केलेले, पोट सुटलेलं. त्यांनी मला ओळखलं नाही. अण्णा, त्यांच्या कपाटातल्या ढाली मी जिंकून दिल्या, आणि त्यांनी मला ओळखलं नाही. मी पोरीची कुणी मावशीबिवशी असेन म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. तिथेच माझ्या डोक्यात ठिणगी पडली, पण मी गप्प बसले. येऊ दे आत. बोलू दे.

ईश्वरीने तीन चढायांत त्यांच्या पोरी उधळून लावल्या. सर खूश. चहा आला, बिस्किटं आली. अण्णांची नात म्हणजे काय, रक्तातच आहे, फी माफ, हॉस्टेल, विमानाने स्पर्धेला नेऊ. सचिनदादाची छाती फुगली. सर खुर्चीत मागे रेलले, झालं आता, असं तोंड करून.

तेव्हा मी विचारलं, गोड आवाजात, "सर, तुमच्या जुन्या मुली सध्या काय करतात हो?"

"एक पोलिसात आहे ना, वैशाली."

"आणि त्याच संघातला डावा कोपरा? पूनम का कोण होती?"

सरांनी आठवल्यासारखं केलं. "हां, ती गुडघ्याची. काय माहीत. मध्येच सोडून गेली ती. ह्या पोरींचं असंच असतं, मन लावून खेळत नाहीत."

सचिनदादाच्या हातातला कप तसाच राहिला.

"बरं," मी म्हणाले, "ईश्वरीला सायन्स हवंय."

"कशाला? प्रॅक्टिकल असतात, सराव बुडतो. आर्ट्सला टाकू. हजेरीची काळजी सोडा." तीच वाक्यं रे अण्णा, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"सर, मीच ती पूनम. मध्येच सोडून गेले नाही. तुम्ही टाकून दिलंत."

काय करावं त्या माणसाने? बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली. "अरे वा, ओळखलंच नाही! घ्या ना." मी एक बिस्कीट घेतलं, खाल्लं, आणि म्हणाले, नरम पडलीत. मग उठले. इतकं साधं होतं ते, आणि इतकी वर्षं मी त्याची स्वप्नं बघितली होती.

 गाडी स्पाइन रोडला सिग्नलला थांबल्यावर सचिनदादा म्हणाला, "मला हे म्हाईतच नव्हतं, पुनी. मला वाटायचं तूच सोडलंस. पण आता काय करू? शब्द दिलाय. कावळा शिवलाय. मोडला तर अण्णांच्या आत्म्याला..." तो खरंच घाबरला होता. त्याला हसू नकोस. तुला जिवंतपणी घाबरायचा, तेच चालू आहे.

घरी काकी जोत्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. सचिनदादाने सगळं सांगितलं, शब्दापर्यंत. काकीने शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"कावळा बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ," ती म्हणाली. "त्यो कावळा पलीकडल्या पिंडावरनं उठून आला. मी बघत व्हते. भाताला आला त्यो."

"आई, पण शब्द दिलाय मी."

"कुणी दिलाय? तू दिलायस ना? पोरीनं न्हाई दिला. मग तू जा त्या कॉलेजात. घाल चड्डी नि खेळ कबड्डी."

सचिनदादा, तो देह! ईश्वरीला हसू आवरेना. मग मला. मग सचिनदादालाही. तू गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं. तो तरी पुटपुटला, "आणि अण्णांचा आत्मा?"

"त्यांचं मी बघते," काकी म्हणाली. "जित्तेपणी बी मीच बघत व्हते."

झालं. दुसऱ्या दिवशी ईश्वरीने त्या प्रयोगशाळेच्या कॉलेजात प्रवेश घेतला, मायक्रोबायोलॉजीला. हो, तेच, तू फाटकाबाहेर थुंकला होतास ते. त्यांचा संघ अजूनही पहिल्या फेरीत हरतो, काळजी करू नकोस. तिथल्या मॅडमनी पोरीला बजावलं, प्रॅक्टिकल बुडवून सरावाला आलीस तर परत पाठवीन. बाहेर आल्यावर ईश्वरीचं तोंड उतरलं. "आत्या, मग मी तिथे हरायचंच का?" तिला जिंकायचंय रे. तुझीच नात आहे. मला खोटं बोलवलं नाही. म्हटलं, पहिलं वर्ष हरशील. कोपरे कच्चे आहेत त्यांचे.

तर आता ऐक. तुझी शिट्टी पिंडाबरोबर नदीत सोडायची होती. सगळे 'शिवला, शिवला' करत असताना मी ती उचलली आणि पर्समध्ये टाकली. साबणाने धुतली, तरी तंबाखूचा वास जात नाही. दर रविवारी सकाळी मी ती घेऊन तुझ्या मैदानावर जाते. तुझ्या मंडळाची पोरं आधी कुरकुरली, बाईमाणूस काय शिकवणार म्हणून. एकाचा घोटा धरून दाखवला, मग गप्प झाली. गुडघा दुखतो, पट्टी बांधते. या वेळी माझी मी बांधते. ईश्वरीच्या कॉलेजच्या पोरी बसने येतात. त्यांचे कोपरे मी पक्के करतेय. आणि नियम माझा आहे, नापास झाली की फायनलला बाहेर. तुझ्या मैदानावर, तुझ्या शिट्टीवर. कसं वाटतंय?

उट्टं काढणं म्हणतात ते हेच असेल तर मला ते फार गोड लागतंय. ईश्वरी पांढरा कोट घालून तुझ्या फोटोसमोर उभी राहणार आहे, आणि मी तो हॉलमध्ये, वैशालीच्या फोटोशेजारी लावणार आहे. जमलं तर त्याच्या खाली ढालही ठेवू. तू दोन्ही बघायचंस.

किसनतात्या परवा मैदानाच्या कडेला काठी टेकून उभे होते. म्हणाले, काही म्हण पुनी, कावळा शिवला म्हणजे अण्णा सुटला. मी त्यांना काही बोलले नाही. तुला सांगते.

त्या दिवशी अंगणात सगळे तुझ्या पाया पडले आणि मी वाकले, ते पाया पडायला नव्हतं. तू निघाला होतास, तुझी नजर पलीकडे लागली होती, तुला वाटत होतं तू जिंकलास. मी तुझा घोटा धरला, डाव्या हाताने, तू शिकवलास तसा. अजून सोडलेला नाही.